माईसाहेबांना आपण कोणत्या पुराव्यावर शिक्षा दिली?

२७ मे आणि २९ मे. दोन दिवसांच्या अंतराने येणाऱ्या या दोन तारखा. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात माता रमाईंनी शेवटचा श्वास घेतला. त्या दिवशी वस्तीवस्तीतल्या विहारात दिवे लागतात, गीते म्हटली जातात, भाषणे होतात, आयाबहिणी पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला बसतात. हे व्हायलाच हवे. शेण थापून, अर्धपोटी राहून, पोटची लेकरे डोळ्यांदेखत गमावून ज्या माउलीने बाबासाहेबांचा संसार ओढला, तिच्यापुढे नतमस्तक होणार नाही तो आंबेडकरी कसला?

पण दोनच दिवसांनी २९ मे उजाडतो. २००३ साली याच तारखेला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. सविता आंबेडकर यांचे निधन झाले. वय चौऱ्याण्णव. त्याच विहाराला त्या दिवशी कुलूप असते. फलक नाही, फुले नाहीत, कोणाला आठवणही नाही. काही ठिकाणी आता हळूहळू अभिवादन होऊ लागले आहे, नाही असे नाही. परंतु समाजाच्या मनातला जुना सल अजून गेलेला नाही. माईसाहेबांचे नाव काढले की आजही एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता मान फिरवतो आणि म्हणतो, "तिचं काय सांगता? तिनंच तर घात केला!"

वाचकहो, आम्ही स्वतः हे वाक्य बोललेलो आहोत. म्हणून आजचा लेख दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही.

आमचे बालपण तालुक्याच्या गावातील भीमनगरात गेले. पारावर बसलेली म्हातारी माणसे ६ डिसेंबरची हकिकत सांगायची आणि शेवटी आवाज खाली आणून विषाची गोष्ट सांगायची. कोणी पाहिले? कोणी तपासले? असे विचारायची पद्धत नव्हती. आम्ही ती गोष्ट आईच्या दुधाबरोबर प्यालो. पुढे माईसाहेब गेल्या तेव्हा आम्ही कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मुंबईला जाणारी रात्रीची गाडी होती. खिशात तिकिटापुरते पैसेही होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर उभ्याने प्रवास करून जाणारे आम्ही त्या दिवशी गेलो नाही. मनात साधी चलबिचलही झाली नाही.

पदवी मिळाल्यावर एका जयंतीच्या व्यासपीठावर आम्ही भाषण ठोकले आणि त्यात हीच विषाची गोष्ट घातली. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त शिक्षक जवळ आले. धोतर, कोट, हातात काठी. म्हणाले, "वकीलसाहेब, बोललात ते छान. फक्त एक सांगा, उद्या कोर्टात हीच केस तुम्ही चालवायला घेतली, तर पहिला कागद कोणता दाखल कराल?" आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या रात्रीपासून आम्ही कागद शोधायला लागलो. जे सापडले ते समाजापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.

आधी माणूस समजून घेऊ. शारदा कृष्णराव कबीर यांचा जन्म २७ जानेवारी १९०९ चा. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील, राजापूर तालुक्यातले, सारस्वत ब्राह्मण. मुलींनी चूल सोडू नये असे मानणाऱ्या त्या काळात या मुलीने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली एम.बी.बी.एस. केले. त्यांच्या भावंडांपैकी बहुतेकांनी जातीबाहेर लग्ने केली होती. म्हणजे जातीची चौकट मोडणे हे त्या घराला नवे नव्हते. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे त्या काम करीत. १९४७ साली बाबासाहेबांची आणि त्यांची ओळख झाली ती विलेपार्ल्याला डॉ. राव यांच्या घरी, आणि पुढे ती वाढली रुग्ण व डॉक्टर या नात्याने.

त्या वेळची बाबासाहेबांची प्रकृती ध्यानात घ्या. मधुमेह, रक्तदाब आणि पायातल्या असह्य वेदना. रात्र रात्र झोप नाही. आणि डोक्यावर काम कोणते? २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे. शिवाय देशाचे कायदामंत्रिपद. फेब्रुवारी १९४८ मध्ये घटनेचा मसुदा तयार झाला, तेव्हा हा माणूस शरीराने पार खचला होता. सतत देखभाल करणारे कोणी घरात हवे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. रमाईंच्या पश्चात पुन्हा लग्न करायचे नाही हा त्यांचा निश्चय होता. तो का मोडावा लागला हे त्यांनी दादासाहेब गायकवाडांना मार्च १९४८ मध्ये पत्र लिहून मोकळेपणाने कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, हार्डिंग ॲव्हेन्यूवरील राहत्या घरी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. ना भटजी, ना मुहूर्त, ना मंगलाष्टके. शारदा कबीर यांच्या सविता आंबेडकर झाल्या आणि कार्यकर्त्यांच्या तोंडी पुढे माईसाहेब.

आता एक गोष्ट विचारू या. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिताना बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून कशाकडे बोट दाखवले होते? आंतरजातीय विवाहाकडे. ते पुस्तक आपण डोक्यावर घेतो, त्यावर परीक्षा घेतो, बक्षिसे वाटतो. आणि त्याच बाबासाहेबांनी तोच उपाय स्वतःच्या आयुष्यात अमलात आणला, तेव्हा आपण म्हणालो, 'बामणीण घरात आणली!' म्हणजे जात जन्मावर ठरते हा मनूचा नियम आपण त्या बाईच्या बाबतीत बिनबोभाट मान्य केला. मनुस्मृती महाडला जळाली, पण तिची राख आपल्या घरात कोणत्या कोपऱ्यात पडून राहिली ते पाहायला नको काय?

लग्नानंतरची आठ वर्षे आणि काही महिने. या काळात काय काय झाले ते मोजा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. वर्षभर एकेका कलमावर उभे राहून उत्तरे दिली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. मग हिंदू कोड बिलाची झुंज, आणि त्या बिलाची वाताहत झाल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा. १९५२ ची निवडणूक आणि १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, दोन्हीकडे पराभव. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन. आणि अखेरीस १४ ऑक्टोबर १९५६. इन्सुलिनचे इंजेक्शन, तोलून मापून दिलेले जेवण, रात्रीअपरात्रीचे जागरण, या साऱ्याची जबाबदारी घेणारे हात कोणाचे होते? बायकोने केलेल्या सेवेला राजकारण म्हणत नाहीत, असा आपल्या समाजाचा समज आहे. आम्ही म्हणतो, ज्या माणसाच्या एकेका दिवसावर कोट्यवधींचे भवितव्य अवलंबून होते, त्याला आणखी एक दिवस कामाला उभे करणे याहून मोठे राजकारण कोणते?

आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवा. भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी त्रिशरण-पंचशील दिले ते प्रथम दोघांना, बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना. मग बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. म्हणजे ज्या क्षणाला आपण आपला दुसरा जन्म मानतो, त्या क्षणी बाबासाहेबांच्या शेजारी उभी राहून धम्म स्वीकारणारी स्त्री माईसाहेब होत्या. आपण हिंदू धर्म सोडला तेव्हा आपण विटाळ सोडला, अपमान सोडला. ही बाई ब्राह्मण म्हणून जन्मली होती. तिने सोडला तो जन्माने मिळालेला मान. त्याची किंमत कमी की जास्त हा वाद नको. पण ती किंमत शून्य नव्हती. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही त्या सोबत होत्या. दिल्लीला परतल्यावर आठवडाही झाला नाही तोच ६ डिसेंबर उजाडला.

पाच डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांनी काय केले हे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेचे कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे त्यांनी उशाशी मागवून घेतले. सकाळी २६, अलीपूर रोडच्या त्या खोलीत माईसाहेब गेल्या तेव्हा बाबासाहेब झोपेतच गेलेले होते.

यानंतर आरोप सुरू झाला. खासदारांनी चौकशीची मागणी केली. केंद्र सरकारने पोलीस अधिकाऱ्याकडून चौकशी करवली. मृत्यू नैसर्गिक होता असा निष्कर्ष निघाला आणि १९५७ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी तो संसदेत सांगितला. सरकारी चौकशीवर आपला विश्वास नाही, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. आम्हीही सरकारी कागद डोळे झाकून मान्य करणाऱ्यांपैकी नाही. पण मग दुसऱ्या बाजूला काय आहे? कोणता साक्षीदार? कोणता वैद्यकीय दाखला? कोणती कबुली? जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करायचा, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. खैरलांजीत, खर्ड्यात, आपल्या माणसांच्या खटल्यात आपण पुरावा मागतो, साक्षी मागतो, पंचनामा मागतो. या एका बाईच्या बाबतीत मात्र आपल्याला पारावरची कुजबुज पुरली.

पुरावा म्हणाल तर एक कागद आहे, पण तो उलट्या बाजूचा. १९५६ साली लिहिलेल्या, त्या शेवटच्या रात्री उशाशी असलेल्या त्याच प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या दीर्घ आजारपणाचा उल्लेख करून, पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याचे ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. १९५७ मध्ये ग्रंथ छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. मधल्या तेवीस वर्षांत दोन पिढ्यांनी तो ग्रंथ वाचला, पूजला, विहारात त्याचे पारायण केले, आणि त्या ग्रंथाच्या कर्त्याने आपल्या पत्नीबद्दल काय म्हटले आहे हे त्यांना कळलेच नाही. पारावरची आमची म्हातारी माणसे याच पिढ्यांतली. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्यापुढे बचावाचा कागद आलाच नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचा हा लेख वकिली चलाखी ठरेल. माईसाहेबांविषयी कार्यकर्त्यांच्या मनात राग होता, आणि तो सगळाच निराधार नव्हता. खेड्यापाड्यातून, उसनवारीने तिकीट काढून माणसे दिल्लीला बाबासाहेबांना पाहायला येत आणि दारातूनच परत जात. भेटीगाठींवर बंधने होती. रत्तूंनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात माईसाहेबांवर कडक टीका केली आहे. ज्याने सतरा वर्षे सेवा केली त्या माणसाचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. डॉक्टर म्हणून रुग्णाला विश्रांती देणे त्यांना भाग होते. कार्यकर्त्याला मात्र आपल्या बापाला भेटू दिले जात नाही असे वाटत होते. दोघांचेही खरे होते. स्वभावाची चिकित्सा करा, वागण्याची करा. आम्हीही करू. पण दार लावून घेतले म्हणून खून केला, हा हिशेब कुठल्या न्यायशास्त्रात बसतो?

आणखी एक. या विषाच्या गोष्टीत सर्वांत जास्त अपमान कोणाचा होतो? बाबासाहेबांचाच. ज्या प्रज्ञावंताने जगातले कायदे तपासले, ज्याला गांधींच्या राजकारणाचा डाव ओळखायला वेळ लागला नाही, त्याला आपल्या ताटात कोण काय वाढते हे कळत नव्हते, असे आपण म्हणतो. शिवाय ही गोष्ट सोयीची आहे. एका बाईवर खापर फोडले की बाकीचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. हिंदू कोड बिल कोणी हाणून पाडले? त्यांना निवडणुकीत कोणी पाडले? आणि त्यांच्या मागे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले कोणी केली? ती शकले माईसाहेबांनी केली नाहीत. त्यांना तर त्या पक्षाच्या पहिल्या फळीत जागाच नव्हती.

मग त्यांनी काय केले? आपल्या देशात नेता गेला की त्याची पत्नी सहानुभूतीच्या लाटेवर सभागृहात जाते. माईसाहेबांना असे प्रस्ताव आले होते, काँग्रेसच्या आधाराने राज्यसभेत जाण्याचे, आणि आपण ते नाकारले असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. बाबासाहेब ज्या पक्षाशी आयुष्यभर झगडले त्याच्या मेहेरबानीवर बसायचे नाही, ही त्यामागची भूमिका. आज एका महामंडळासाठी निळा झेंडा कोणाच्याही दाराला बांधणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी हा नकार जरा तोलून पाहावा.

दिल्लीतले त्यांचे दिवस हालाचे होते. अलीपूर रोडचे ते घर विकले गेले, त्यातल्या दोन खोल्यांत त्या राहत. १९६७ च्या जानेवारीत त्या बाहेरगावी असताना खोल्या फोडून सामान अंगणात फेकले गेले. त्यात बाबासाहेबांचे कागद होते. त्यावर पाऊस पडला. किती लिखाण त्या चिखलात गेले याचा हिशेब कोणी करू शकत नाही. आम्ही त्या प्रसंगावर नेहमी अडखळतो. तेव्हा समाज कुठे होता? एका बाईला आपण वाळीत टाकले, आणि तिच्या दाराशी जाणे बंद केले म्हणून बाबासाहेबांचे कागद राखायलाही तिथे आपला माणूस नव्हता. शिक्षा तिला दिली. दंड मात्र आपण भरला.

वाळीत टाकलेल्या माईसाहेबांना चळवळीत परत आणले ते दलित पँथरच्या तरुणांनी. ज्यांनी ६ डिसेंबर पाहिला नव्हता, त्यांच्या डोळ्यांवर ती जुनी झापडे नव्हती. बाबासाहेबांचे लिखाण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित करायला घेतले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ चा. १९८७ मध्ये चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' आले आणि राम-कृष्णावरील परिशिष्टावरून शिवसेनेने गदारोळ उठवला. उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत निळा सागर उसळला. त्या लढ्यात ऐंशीच्या घरात पोचलेल्या माईसाहेब चळवळीच्या बाजूने उभ्या होत्या. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हातून ते त्यांनी स्वीकारले. त्याच साली 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचे आत्मकथन आले. २०२२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि जगभरचे वाचक ते वाचू लागले. आमच्या वस्तीच्या वाचनालयात मात्र ते आजही नाही.

भारतरत्नाचे पदक त्यांनी काय केले? विकले नाही, तिजोरीत ठेवले नाही. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंसह ते पुण्यातल्या सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयाला दिले. आज शाळेची मुले तिथे जाऊन बाबासाहेबांचा चष्मा, कोट, भांडी पाहतात. ज्या बाईवर घाताचा आरोप ठेवला, तिने त्या माणसाची एकेक वस्तू जपून आपल्या हवाली केली.

हा सगळा जुना इतिहास, आता उगाळून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो. मागे आमच्याकडे एक तरुण मुलगी आली. दुसऱ्या जातीतली, आपल्या समाजातल्या मुलाशी लग्न केलेली. माहेर तुटलेले. नवरा मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. तीन वर्षे तिने त्याला डायलिसिसला नेले होते. तेराव्या दिवशी सासरचे म्हणाले, "तूच खाल्लंस त्याला." घर सोड, पैशावर हक्क नाही. त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. आम्ही तिची केस घेतली, वारसाहक्काचा अर्ज केला, तिला तिचा वाटा मिळाला. पण कागद चाळताना आम्हाला सारखी २६, अलीपूर रोडची ती खोली आठवत होती. पारावर सांगितलेली गोष्ट पारावर राहत नाही. ती घराघरात शिरते आणि विधवा सुनेच्या अंगावर येते.

आंतरजातीय विवाहाला शासन अनुदान देते, आपण सत्कार करतो, फोटो छापतो. पण बाहेरून आलेल्या त्या मुलीला आपण कायमचे संशयिताच्या पिंजऱ्यात उभे ठेवणार असू, तर जात मोडली असे म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. माईसाहेबांना देवी करू नका. आपल्या धम्मात देवींना जागा नाही. रमाईंच्या जागी त्यांना बसवू नका. ती जागा कोणाचीच होऊ शकत नाही, आणि 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाईंच्या स्मृतीला अर्पण करून बाबासाहेबांनीच ती ठरवून ठेवली आहे. फक्त इतकेच करा. येत्या २९ मे रोजी विहाराचे कुलूप उघडा. एक मेणबत्ती लावा. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची ती वगळलेली प्रस्तावना उभे राहून मोठ्याने वाचा, म्हाताऱ्या माणसांना ऐकू जाईल अशी. बाबासाहेबांची साक्ष झाली की मग ज्याला काही म्हणायचे असेल त्याने म्हणावे.

२००३ साली आम्ही रात्रीची गाडी पकडली नाही. ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. पण गेल्या काही वर्षांपासून २९ मेला आमच्या भीमनगरच्या विहारात आम्ही जातो. पहिल्या वर्षी आम्ही आणि ते निवृत्त गुरुजी, असे दोघेच होतो. गुरुजी आता नाहीत. गेल्या वर्षी एकवीस जण आले, त्यात चौदा बायका होत्या.

जयभीम!